चलान नंबर ११८७ दोनदा कसा आला?

पत्र:

ताई नमस्कार. मी भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये स्टोअर-डिस्पॅच बघतो, वय २८, डिप्लोमा मेकॅनिकल, कोडिंग येत नाही. दीड वर्षापूर्वी यूट्यूब बघून बघून, कोड न लिहिता अ‍ॅप्स बनवायच्या गूगलच्या अ‍ॅपशीटवर जॉबवर्कच्या चलानचं (बाहेर कामाला पाठवलेल्या मालासोबतच्या पावतीचं) अ‍ॅप बनवलं, घरी बसून दहा-बारा संध्याकाळी लागल्या. माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला जातो, परत येतो, किती बाकी आहे ते मोबाईलवर दिसतं. आधी सगळं वहीत होतं. आता शेठ इतके खुश आहेत की म्हणतात हजेरी, पगार, अकाउंट सगळं यातच घे, आणि कस्टमरलाही अ‍ॅप दे म्हणजे माल कुठपर्यंत आलाय ते त्यांचं त्यांना कळेल. एका सॉफ्टवेअरवाल्याने चार लाख सांगितले होते, शेठनी त्याला नाही म्हणून कळवून टाकलं. माझा आतेभाऊ हिंजवडीत आहे, तो म्हणतो असलं लो-कोड (फारसं कोड न लिहिता बनवणं) म्हणजे खेळणं, यात करिअर करू नको, खरं कोडिंग शिक. शीटमध्ये आता १४ हजार ओळी झाल्यात. हल्ली सिंक व्हायला दीड मिनिट लागतं आणि कधीकधी बाकी मायनसमध्ये दाखवतं, पण ते मी शीटमध्ये जाऊन हाताने नीट करतो. नोकरी सोडून असे अ‍ॅप बनवायचा धंदा करू का? अ‍ॅप माझ्या जीमेलवरच आहे त्यामुळे बदल करायचा तर घरूनही होतो.
— स., भोसरी

स.,

मायनस. तिथूनच सुरू करते, कारण तुझे बाकीचे सगळे प्रश्न त्या एका शब्दाला लटकलेत आणि तू ते जाता जाता लिहून टाकलंयस, जसं लोक डॉक्टरकडून निघताना दारात उभं राहून सांगतात की तसं छातीत जरा दुखतं हं अधूनमधून.

प्लेटिंगला तीनशे नग गेले तर तिथून साडेसातशे परत येत नाहीत, बरोबर? मग बाकी मायनस साडेचारशे दाखवतंय म्हणजे तुझं अ‍ॅप ओरडून सांगतंय की मी दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजून बसलोय. आणि तू काय करतोस, शीट उघडून आकडा पुसतोस आणि बरोबर आकडा लिहितोस. ताप आला की थर्मामीटर झटकायचा असा प्रकार झाला हा.

तुझं अ‍ॅप मी बघितलेलं नाही, पण पैज लावते की पुढचंच होत असणार. नवीन चलान करताना नंबर आपोआप यावा म्हणून तू शेवटच्या नंबरात एक मिळवायचा फॉर्म्युला टाकला असशील. आता एक मोबाईल गेटवर, एक स्टोअरमध्ये. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कुठली यायला, पण अ‍ॅपशीटचं बरं आहे, नेट नसलं तरी चालतं, नोंद फोनमध्ये ठेवतं आणि नेट मिळालं की पाठवतं. याचाच दुसरा अर्थ असा की तोपर्यंत गेटच्या फोनला पत्ताच नसतो स्टोअरच्या फोनने काय केलंय त्याचा. दोघांकडे शेवटचा नंबर ११८६. गेटवाला प्लेटिंगला ३०० नग पाठवतो, त्याला मिळतो ११८७. त्याच दहा मिनिटांत स्टोअरवाला हीट ट्रीटमेंटला ४५० नग पाठवतो, त्यालाही ११८७. दुपारी दोघं चहाला ऑफिसकडे आले, वायफाय लागलं, दोन्ही नोंदी वर गेल्या. शीटला काय, दोन ओळी आल्या, दोन ठेवून घेतल्या. पुढच्या आठवड्यात माल परत आला, दोन्ही परतीच्या नोंदी ११८७ वर पडल्या, ३०० अधिक ४५०, झाले ७५०. आणि "गेले किती" हे शोधायला तुझा लुकअप जातो तो पहिली ११८७ ची ओळ दिसली की तिथेच थांबतो, तिथे ३००. तीनशेतून साडेसातशे वजा. आला मायनस.

शनिवारी दोन्ही फोनचं नेट बंद कर, दोन्हीकडून एकेक खोटं चलान कर आणि बघ काय नंबर येतात ते. मी चुकले असेन तर मला परत लिही, पण मला नाही वाटत.

आता आतेभावाचा मुद्दा घे. त्याने हेच अ‍ॅप जावामध्ये सहा महिने बसून लिहिलं असतं आणि "दोन माणसं एकाच वेळी, एकमेकांना न दिसता चलान फाडतात" हे त्याच्या डोक्यात आलं नसतं, तर त्याच्या अ‍ॅपनेही दोन ११८७ काढले असते. फरक इतकाच की त्याच्या हापिसात कुणीतरी सीनियर असतो जो हे असले अपघात आधी खाऊन बसलेला असतो आणि तो रिव्ह्यूमध्ये विचारतो की हे दोघांनी एकदम केलं तर? तुझ्याकडे तो सीनियर नाही. लो-कोडने तुझं टायपिंग वाचवलं, स्क्रीन काढणं वाचवलं, लॉगिन-बिगिन, सर्व्हर, प्ले स्टोअरची कटकट, सगळं वाचवलं. पण कुठली गोष्ट कुठल्या टेबलात, कशावरून ओळखायची, कोण कधी बदलणार, हा विचार वाचवता येत नाही, तो तुलाच करायचाय आणि तो न करताही अ‍ॅप दिसायला झकास दिसतं हाच यातला सगळ्यात मोठा धोका आहे. कोडमध्ये टायपिंग चुकलं तर निदान चालत तरी नाही. विचार चुकला तरी चालतं!

उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीची आतली ओळख वेगळी ठेव, त्यासाठी युनिकआयडी आहे, आठ अक्षरांचं काहीतरी अगम्य तयार होतं, ते माणसाला दाखवायचंच नाही, परतीच्या नोंदी त्याला जोडायच्या. ओळीचा क्रमांक ओळख म्हणून धरला असशील तर तो आजच काढ, शीटमधली मधलीच एक ओळ कुणी डिलीट केली की खालचं सगळं एकाने सरकतं आणि मग ह्याचा माल त्याच्या नावावर. आणि चलान नंबर, जो कागदावर छापायचा, त्याला जीएसटीच्या नियम ५५ प्रमाणे ओळीने नंबर पाहिजेत आणि १६ अक्षरांच्या आत पाहिजेत, पण सिरीज एकच पाहिजे असं काही नाही, जास्त चालतात. मग गेटच्या फोनला ग-१, ग-२ आणि स्टोअरच्या फोनला स-१, स-२ असं दे, भांडणच मिटलं. फक्त करायच्या आधी तुमच्या सीएंना एक फोन कर, सिरीज त्यांनाही माहीत असलेली बरी.

आणि हे फक्त अ‍ॅप सुंदर दिसावं म्हणून सांगत नाहीये. जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर जीएसटीत तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि तिथपासूनचा टॅक्स मागे लागतो. आयटीसी-०४ फॉर्म (जॉबवर्कला गेलेल्या-आलेल्या मालाचा) भरताना तुमचे सीए आकडे कुठून घेतात विचार एकदा. तुझ्याच शीटमधून घेत असतील, ज्यात तू कधीमधी हाताने आकडे "नीट" करतोस आणि का केले ते कुठेच लिहिलेलं नसतं. इथून पुढे आकडा पुसायचा नाही. दुरुस्तीचं वेगळं टेबल कर, तारीख, किती, कुणी, कशामुळे, आणि ती दुरुस्ती बेरजेत धर. वहीत स्टोअरचे जुने मामा लोक खाडाखोड करायचे तेव्हा एक रेघ मारून बाजूला सही करायचेच ना? खालचा आकडा वाचता यायचा. तेवढी शिस्त तरी अ‍ॅपला पाहिजे.

सिंकचं दीड मिनिट. बाकी काढायला तू व्हर्च्युअल कॉलम (शीटमध्ये नसलेला, अ‍ॅपच हिशोब करून दाखवतं तो) केला असशील आणि त्यात सगळ्या टेबलातून शोधून बेरीज करायला लावली असशील. १४ हजार ओळी, प्रत्येक ओळ परत १४ हजार ओळी चाळणार, गुणाकार कर, १९ कोटी ६० लाख वेळा बघणं झालं, आणि हे दर सिंकला. तुला शीटमध्ये काही वाटलं नाही कारण सुरुवातीला ओळी होत्या २००. प्रत्येक लो-कोडला अशी एक न दिसणारी भिंत असते आणि ती कुठे आहे ते जाहिरातीत नसतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्समध्ये तर ती अजून गमतीशीर आहे, काही प्रकारचे फॉर्म्युले ते सर्व्हरकडे पाठवू शकत नाही, मग पहिल्या ५०० ओळी फोनवर आणतं, सेटिंग बदललं तर २०००, आणि त्यातच शोधतं. दोन हजार एकावी ओळ त्याच्या दृष्टीने जगात नाही. बनवताना एक छोटा इशाऱ्याचा त्रिकोण दिसतो, लोक तिकडे लक्ष देत नाहीत, आणि टेस्टिंगला वीसच ओळी असतात त्यामुळे सगळं छान चालतं. तुझ्या बाबतीत मात्र पूर्ण परत आलेली चलानं वर्ष संपलं की वेगळ्या शीटमध्ये टाक, रोजच्या टेबलात फक्त उघडी चलानं राहू देत, आणि बाकीचा आकडा दर वेळी सगळं चाळून काढण्याऐवजी परतीची नोंद झाली की त्या एका चलानावर अपडेट होईल असं बघ. बराच फरक पडेल. कायमचा नाही पडणार, हेही सांगून ठेवते, धंदा वाढला की शीटच्या ऐवजी खरा डेटाबेस लागेल.

एवढं झापल्यावर आता कौतुक, आणि हे मनापासून.

चार लाखवाल्याने तुझं अ‍ॅप बनवलं असतं ना, तर पहिल्या मीटिंगला त्याने लिहून घेतलं असतं: क्वांटिटी. एक कॉलम. त्याला कुठून माहीत असणार की प्लेटिंगवाला माल किलोवर घेतो आणि तुम्ही परत घेताना नग मोजता, की एकाच चलानाचा माल तीन खेपांत येतो, त्यातला काही रीवर्कला परत जातो आणि तो नवीन चलानावर जातो की जुन्याच ते शेठच्या मूडवर असतं. हे त्याला तिसऱ्या महिन्यात कळलं असतं आणि मग "ते स्कोपमध्ये नव्हतं" म्हणून वाढीव पैसे. तुला हे पहिल्या संध्याकाळी माहीत होतं कारण तू रोज त्या गेटवर उभा असतोस. म्हणून दहा-बारा संध्याकाळी पुरल्या. चूक सापडली तर रात्री घरी बदललंस आणि सकाळच्या शिफ्टला नवीन अ‍ॅप हातात, असला वेग मोठमोठ्या कंपन्यांना मिळत नाही. ज्या कामाला वीसेक माणसं वापरणार, ज्याचे नियम तुलाच ठाऊक, जे आत्ता वहीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चाललंय, आणि जे चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं, त्याला लो-कोडसारखं दुसरं काही नाही. त्यासाठी चार लाख देणं हा वेडेपणा होता, शेठनी नाही म्हटलं ते बरोबरच केलं.

खेळणं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं कारण हे मी तरुणपणी पण ऐकलंय. लो-कोड हे नाव फॉरेस्टर नावाच्या अमेरिकन रिसर्च कंपनीने २०१४ मध्ये रूढ केलं, पण वस्तू जुनी आहे. मी १९९६ साली साताऱ्याकडच्या एका पतसंस्थेचं काम फॉक्सप्रोत, म्हणजे तेव्हाच्या एका डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, केलं होतं, त्यातही स्क्रीन माऊसने मांडायचा बिल्डर होता, रिपोर्टचा होता, आणि तेव्हा सी भाषेत कोड लिहिणारी पोरं आम्हाला प्रोग्रामर मानायची नाहीत. संस्थेचं काम मात्र चाललं. खूप वर्षं चाललं. फक्त काय झालं, दीड वर्षात मला पुण्यात नोकरी लागली आणि मी निघून आले. मग तिकडे लाईट जायची, कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा, इंडेक्सची फाईल खराब व्हायची आणि एकाचं नाव शोधलं की भलत्याच माणसाचं कर्जखातं उघडायचं. उपाय म्हणजे रिइंडेक्स नावाची एक कमांड, बस. पण ती मी कुठे लिहून ठेवली नव्हती. ती फक्त मला येत होती. मॅनेजर मला एसटीडी करायचे, आधी ऑफिसात, मग घरी. माझ्या लग्नाच्या दिवशी, खोटं नाही सांगत, हॉलच्या मॅनेजरच्या टेबलावरच्या फोनवर शालू नेसून, मुंडावळ्या बाजूला सारून मी त्यांना रिइंडेक्सचं स्पेलिंग सांगितलंय. मागे गुरुजी मुहूर्त मुहूर्त करून ओरडतायत.

तर आता तुझं शेवटचं वाक्य. अ‍ॅप माझ्या जीमेलवरच आहे. तुला ती सोय वाटते, मला तो हॉल आठवतो.

विचार कर. उद्या तुझा अपघात होऊ नये, पण झाला. किंवा गूगलने काही कारणाने तुझं खातं लॉक केलं. किंवा तुझं शेठशी वाजलं, तू चिडून निघालास आणि ते म्हणाले अ‍ॅप कंपनीचं आहे, तू म्हणालास मी घरी बसून बनवलंय. दोघंही थोडे थोडे बरोबर. भोसरीतल्या त्या शॉपचा कुठला माल कुठल्या प्लेटिंगवाल्याकडे पडून आहे हे आज फक्त तुझ्या पर्सनल मेलमध्ये आहे, ज्यात तुझ्या लाईट बिलाचे आणि मॅट्रिमोनीचेही मेल येतात. शेठना याची कल्पना नसणार. त्यांना सांग, तूच सांग, दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी. कंपनीच्या नावाने गूगल वर्कस्पेसचं खातं घ्यायला लाव, अ‍ॅप आणि शीट दोन्ही तिकडे ट्रान्सफर कर, त्याआधी एक कॉपी करून ती कॉपी चालते का बघ. पासवर्ड शेठच्या तिजोरीत. आणि एक दोन पानी कागद लिही, मराठीत, की हे अ‍ॅप कसं चालतं, कुठला फॉर्म्युला काय करतो, बंद पडलं तर काय करायचं. तो कागद दुसऱ्या माणसाला देऊन त्याच्याकडून एक छोटा बदल करून घे, तुझ्याशी न बोलता. त्याला जमलं तर कागद बरोबर.

यात खर्च येणार, हे पण शेठना आत्ताच सांग. ही दुकानं बहुतेक माणशी, महिन्याला पैसे घेतात, बरेचदा भाव डॉलरमध्ये. फुकटचं असतं ते करून बघण्यापुरतं, थोड्या माणसांना. समजा माणशी १० डॉलर धरले आणि २५ जणांना अ‍ॅप दिलं तर महिन्याला २५० डॉलर, म्हणजे वीस हजारांच्या वर गेलास. दोन वर्षांत तो चार लाखवाला स्वस्त वाटायला लागेल. म्हणून प्रत्येक हेल्परला अ‍ॅप द्यायचं नाही, ज्याच्या हातून नोंद होते त्यालाच.

शेठच्या यादीकडे येऊ. हजेरी घे, हरकत नाही, कोण आलं कोण गेलं, शिफ्ट कुठली, एवढंच. पगार घेऊ नकोस. पगार म्हणजे दिवस गुणिले रोज असं शेठना वाटतं. साधा प्रोफेशनल टॅक्स घे, आपल्याकडे ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, बायकांना २५ हजारांपर्यंत माफ. ईएसआयची (कामगार विम्याची) मर्यादा २१ हजार, पण एखाद्याचा पगार मध्येच त्याच्या वर गेला तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च तो जो काय सहा महिन्यांचा पिरियड चालू असेल तो संपेपर्यंत कापावंच लागतं. असे पन्नास बारकावे, आणि ते बदलत राहतात, आणि बदलले की व्हॉट्सअ‍ॅपवर कळत नाही. चलान चुकलं तर प्लेटिंगवाल्याला फोन करून मिटतं, पीएफ चुकला तर माणसाचे पैसे जातात आणि शेठच्या नावाने नोटीस येते. शिवाय त्यात आधार, बँक खाती, सगळ्यांचं सगळं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल रक्कम २५० कोटींपर्यंत आहे, तुमच्या शॉपला कोणी तेवढा लावणार नाही हे मलाही कळतं, पण कामगारांचे आधार नंबर एका शीटमध्ये आणि ती शीट लिंक असेल त्याला दिसते, असलं काही माझ्या हातून व्हावं असं मला तरी वाटलं नसतं. पगाराचं तयार सॉफ्टवेअर मिळतं, ते घ्या, हजेरी तुझ्या अ‍ॅपमधून एक्सेलमध्ये काढून त्यात टाका.

अकाउंट तर नाहीच नाही. तुमचं प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाचं सॉफ्टवेअर असं पाहिजे की प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. टॅलीत त्यासाठीच एडिट लॉग आला. तुझ्या शीटमध्ये तू स्वतःच आकडे पुसतोस, मघाशीच बोललो आपण. टॅली टॅलीच्या जागी राहू दे.

कस्टमरला अ‍ॅप द्यायची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली आणि शेठना ती सगळ्यात सोपी वाटत असणार. अ‍ॅपशीटमध्ये स्लाइस नावाचा प्रकार आहे, ज्याने अमुक कस्टमरला फक्त त्याच्याच ओळी दिसतील असं करता येतं. दिसतील, फक्त. बाकीच्यांच्या ओळी त्याच्या फोनवर गेलेल्या असतातच, झाकलेल्या असतात. खरं अडवायचं तर सिक्युरिटी फिल्टर लावावा लागतो, तो वेगळा, म्हणजे ओळ फोनपर्यंत जातच नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे तुमच्या एका कस्टमरला दुसऱ्याचा पार्ट नंबर आणि महिन्याचे नग कळले तर शेठ काय म्हणतील? आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असं समजू नको. २०२१ मध्ये अपगार्ड नावाच्या सिक्युरिटी कंपनीने शोधून काढलं की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर अ‍ॅप्स पोर्टलवर बनवलेल्या साइटींमधून तब्बल ३ कोटी ८० लाख नोंदी कुणालाही बघता येत होत्या, ४७ संस्थांच्या, त्यात अमेरिकेतली सरकारी खाती होती आणि खुद्द मायक्रोसॉफ्टपण होती. कुणी हॅक केलं नव्हतं. एक परवानगीचं सेटिंग होतं जे आपणहून चालू करायचं होतं, आणि लोकांनी केलं नव्हतं. तुमचे कस्टमर पाच-सहाच असतील ना? रोज संध्याकाळी प्रत्येकाला त्याच्या मालाची यादी ईमेलने आपोआप जाईल असं कर. अ‍ॅपशीटमधला बॉट ते करतो. त्यांनाही तेच आवडेल, कुणाला अजून एक अ‍ॅप डाउनलोड करायचंय.

आणि एक राहिलं, ज्याच्या जागेत आपण बांधलंय तो उद्या जागा बंद करू शकतो. गूगलचंच अ‍ॅप मेकर म्हणून होतं, १९ जानेवारी २०२१ ला बंद केलं, त्याच्यावर बनवलेली अ‍ॅप्स तशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नव्हती, डेटा तेवढा काढून घेता येत होता. अ‍ॅपशीट गूगलने २०२० मध्ये विकत घेतलं, ते बंद होईल असं मी म्हणत नाही, पण दर महिन्याला शीटची एक कॉपी कंपनीच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये ठेवायला काय जातंय. ज्यांना अशी बांधिलकी नकोच वाटते त्यांच्यासाठी ईआरपीनेक्स्टसारखे (सगळ्या कंपनीचं काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये) ओपन सोर्स पर्याय आहेत, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, कोड आपल्याकडे ठेवता येतो, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, नवीन फॉर्म क्लिक करून बनवता येतात. शिकायला मात्र यूट्यूबच्या दहा संध्याकाळी पुरणार नाहीत. तुमचा शॉप अजून वाढला तर दोन वर्षांनी तिकडे बघा, आत्ता नको.

राहिला धंद्याचा प्रश्न. नोकरी आत्ता सोडू नको. तुझ्याकडे एक अ‍ॅप आहे, एकाच शॉपमधलं, आणि त्यात मायनस येतोय. तुझ्यासारखे शॉप भोसरी-चाकणला किती आहेत ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत, आणि त्या प्रत्येकाची वही वेगळी आहे म्हणूनच तयार सॉफ्टवेअर त्यांना बसत नाही, हे सगळं खरं आहे, संधी आहे. पण दुसऱ्याच्या शॉपसाठी बनवताना तू त्या गेटवर उभा नसणार. तिथे तू चार लाखवाला होशील! "क्वांटिटी" लिहून घेणारा. म्हणून आधी एक ओळखीतला शॉप पकड, शेठना सांगून, लपवून नको, रविवारी जाऊन त्यांचं बनवून दे, आणि पैसे बनवायचे कमी घे पण सांभाळायचे दर महिन्याला घे, लेखी. फोन तुलाच येणार आहेत, लग्नाच्या दिवशी पण. सहा महिने दोन शॉप सांभाळून बघ आणि मग मला लिही.

शिकायचं म्हणशील तर आतेभावाचं अर्धं ऐक. एकदम जावाच्या क्लासला साठ हजार भरू नको. आधी टेबलं कशी मांडायची ते शीक, "की" (key, ओळीची ओळख) म्हणजे काय, एकाला अनेक जोडणं म्हणजे काय, एका टेबलात चलान आणि दुसऱ्यात त्याच्या परतीच्या खेपा असं का ठेवायचं. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, महिनाभर रोज अर्धा तास खूप झाला. त्यानंतर गूगलचं अ‍ॅप्स स्क्रिप्ट, ते जावास्क्रिप्टच आहे आणि तुझ्याच शीटवर चालतं, महिनाअखेरीच्या बॅकअपपासून सुरुवात कर. त्याचं एक रन सहा मिनिटांवर गेलं की गूगल मध्येच तोडतं, ती अजून एक भिंत, आपटशील एकदा, आपटू दे. हल्ली एआयला विचारलं की तो कोडही लिहून देतो आणि अ‍ॅपसुद्धा बनवून देतो, वापर की, पण त्याला दोन फोनचं विचारायचं तुलाच सुचायला पाहिजे, गेट त्यानेही बघितलेलं नाही.

आणि ती जुनी वही कुठे आहे रे? स्टोअरमध्ये पडून असेल तर फेकू नका. सिंक बंद पडलं की गाडी गेटवर थांबवून ठेवता येत नाही, तेव्हा मामांना त्यातच चलान लिहू दे, व-१, व-२ असा नंबर टाकून, आणि अ‍ॅपमध्ये त्या सिरीजला जागा आत्ताच करून ठेव.

— ताई